स्मशानाचे बोल्ट

"मढ्याक खयचो गंज चढता, दाजी?" विश्राम पडवळ हसत म्हणाला आणि आमच्या काउंटरवरचा बोल्ट त्याने बोटाने गरागरा फिरवला.

बाबा हसले नाहीत. बाबांना, म्हणजे गावच्या दाजी केळुसकरांना, बोल्टावरच्या विनोदाला हसताना मी कधी पाहिलं नाही. कातळबंदरात हार्डवेअरचं दुकान आमचं एकच. गुडघे गेल्यापासून बाबा काउंटरमागच्या खुर्चीत बसत आणि दुकान मी चालवत असे, पण बोल्ट निवडायची वेळ आली की खुर्ची पुढे सरके.

"मढ्याक नाय, पत्र्याक चढता," बाबा म्हणाले. "थय एका बाजून खारो वारो आणि दुसऱ्या बाजून चितेचो धूर. साधो बोल्ट टिकाचो नाय. आधी माथो फुगतलो, मगे वायसर सुटतलो, मगे पत्रो उडतलो."

"मगे जीआय घेवया. तेका जस्ताचो मुलामो असता."

"जीआय अंगणातल्या मांडवाक. समुद्राच्या तोंडार तो मुलामो खाऱ्या वाऱ्याच्या घशात जातलो."

विश्राम आमच्या ग्रामविकास मंडळाचा अध्यक्ष. मुंबईची नोकरी संपवून गावी आलेला, कपाळाला अष्टगंध, बोलणं साखरेत घोळलेलं. गावाच्या स्मशानावर शेड बांधायचं काम मंडळाने घेतलं होतं आणि त्याच सुमाराला विश्रामचं स्वतःचंही एक बांधकाम चाललं होतं. कड्यावरच्या जागेत पाहुण्यांसाठी घर आणि घरापुढे समुद्राकडे तोंड करून लाकडी सज्जा. पुण्यामुंबईचे लोक अशा सज्जात बसायला येतात म्हणे.

बाबांनी त्याला बोल्टाचा माथा दाखवला. "हय बघ. ए आणि चार कोरलेला दिसता? ए-दोनचो स्टेनलेस असता तो गावात आत चलता. खाऱ्या वाऱ्याक ए-चारच. नये असताना सगळे चकाकतत, म्हणान चकाकी बघूची नाय, माथो वाचूचो."

"ए-फोर तर झेरॉक्सचो कागद, दाजी," विश्राम म्हणाला आणि स्वतःच हसला.

शेडचे सगळे बोल्ट बाबा स्वतःकडून देणार होते. त्यामागचं कारण गावात सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलत नसे. माझी आई आषाढात गेली. स्मशान खाली समुद्राकाठच्या कातळावर, डोक्यावर आभाळ. चिता दोनदा विझली. शेवटी लोकांनी रॉकेल ओतलं, जुना टायर टाकला आणि आईला कशीबशी जाळली. मी तेव्हा घरात होते, कारण आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. बाबा घरी आले ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर एकदाच मला म्हणाले होते, "तुझ्या आवशीक टायर घालून जाळलंय गो मी." त्यानंतर त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या कातळावर न उडणारं छप्पर.

पेटी भरून झाल्यावर बाबांनी लाल ऑइलपेंटचा डबा मागितला आणि पेटीच्या झाकणावर स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं, स्मशान.

"बाबा, दुकानात कित्याक असला काय लिवतास?" मी म्हटलं. "गिऱ्हायका पळतली."

"लिवक व्हया. आमच्या गावात देवाक कोण भियाना नाय. पण स्मशानाच्या वस्तूक हात लावूक सगळे भियातत. ह्याच्यापरास बरा कुलूप खयच्या कंपनीन काढूक नाय."

विश्रामने पेटीकडे पाहिलं आणि जरा मागे सरकला. मग त्याच्या गड्याने पेटी टेम्पोत चढवली. स्वतः विश्रामने तिला हात लावला नाही, हे मला नीट आठवतं.

शेड उभी राहिली. उद्घाटन झालं. स्मशानाच्या शेडला लाल फीत बांधली होती, आणि आत पहिलं पाऊल कुणी टाकायचं या भीतीने ती कापायला कुणी पुढे होईना. शेवटी म्हणे विश्रामने लांब उभं राहून फक्त कात्री पुढे केली. खालून भोंग्याचा आवाज आमच्या दुकानापर्यंत येत होता. दाजी केळुसकरांचे आभार मानले तेव्हा बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली उतरायची घाटी त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती आणि मी बाईमाणूस, त्यामुळे आम्हा दोघांपैकी कुणीच ती शेड पाहिली नाही.

पण विचारायचं बाबांनी सोडलं नाही. गावात कुणी गेलं की मयताहून परतणारा पुरुष दुकानावरून जाई, आणि बाबा त्याला थांबवत.

"पत्रे वाजतत?"

"नाय, दाजी. एकदम घट्ट."

"गळता खय?"

"थेंब नाय."

माझा चुलतभाऊ गजा तर दरवेळी हातवारे करून सांगे, असला मजबूत मांडव अख्ख्या तालुक्यात नाही. बाबा समाधानाने मान हलवत. एकदा मला म्हणाले, "माझ्या वेळाक पाऊस असलो तरी चलात आता. अग्नी मातर तूच दी. दुसरा कोण असा माका?"

काही वर्षांनी बाबा गेले ते श्रावणात, आणि पाऊस होता.

मी अग्नी देणार म्हटल्यावर भावकीत कुजबुज झाली, पण बाबांनी चार जणांसमोर सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी आडवं आलं नाही. आडवा आला एकटा विश्राम. घाटीच्या तोंडाशी छत्री घेऊन उभा होता.

"वृंदा, बायलमाणसांनी थय जावचा नसता. तू हयसून हात जोड. गजो देतलो अग्नी."

"बाबांनी माका सांगितल्यानी."

"अगो, बापाशीच्या आत्म्याक त्रास होतलो. माझा ऐक. थय काय असा बघण्यासारखा?"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, धर्म बुडतो आहे म्हणून माणूस घाबरलाय. मी त्याच्या छत्रीखालून वाट काढली आणि खाली उतरले.

शेड मी पहिल्यांदा पाहिली. एका बाजूचा पत्रा नव्हताच. दुसरा एका टोकाने सुटला होता आणि वाऱ्यावर थडथड आपटत होता. उरलेल्या पत्र्यांवर प्रत्येक बोल्टाच्या जागी तपकिरी ओघळ उतरले होते. बाबांना लाकडांवर ठेवलं आणि मी त्यांच्या तोंडात पाणी घालायला वाकले तेव्हा वरून थेंब पडला, त्यांच्या कपाळावर. गंजाचा, घट्ट, तपकिरी. मी पदराने पुसला तर तो पसरला. दुसरा पडला तो मिटलेल्या डोळ्यावर. ज्या माणसाने आयुष्यभर गंजाशी वैर केलं, त्याच्या तोंडावर त्याच्याच छपराचा गंज ठिबकत होता, आणि भोवती उभे असलेले पुरुष जमिनीकडे बघत होते.

लाकडं भिजत चालली होती. कुणीतरी म्हणालं, "गजा, घेवन ये रे ता."

गजा शेडच्या मागे गेला आणि टायर घेऊन आला. त्याच्या पाठोपाठ रॉकेलचा कॅन आला. पावसात कुणी धावत घरी गेलं नाही, कुणी शोधाशोध केली नाही. टायर तिथे आधीच आणून ठेवलेला होता, म्हणजे छप्पर कसं आहे हे या सगळ्यांना ठाऊक होतं. दर मयताला ठाऊक होतं.

"तू सांगी होतंस बाबांका, थेंब नाय म्हणान," मी गजाला म्हटलं.

"काय सांगतलंय मगे?" तो टायरकडे बघत म्हणाला. "म्हाताऱ्याक कित्याक उगाच वायट वाटूक देवचा?"

मी नको म्हटलं. ताडपत्री मागितली. ताडपत्री धरली तर वारा तिलाही नेऊ लागला. शेवटी व्हायचं तेच झालं. आईला जसं जाळलं तसंच बाबांना जाळलं, आणि आग मी लावली. त्या धुराचा वास नुसता आठवला तरी आजही माझं जेवण सुटतं.

परतताना पायाखाली काहीतरी टोचलं. गळून पडलेला बोल्ट होता. माथा फुगून पापुद्रे सुटले होते. मी कातळावर घासून पापुद्रे काढले. खाली काही कोरलेलं नव्हतं. ए नाही, चार नाही. बाबांच्या पेटीतला तो नव्हताच.

मी तो पदरात बांधला. स्मशानातलं काही घरी आणू नये असं म्हणतात, म्हणून घरात नेला नाही. कुंपणाजवळच्या फणसाच्या बुंध्याशी ठेवला.

तेरावं उरकलं, सुतक फिटलं, आणि मी विश्रामकडे गेले. तोवर मला त्याच्यावर संशय नव्हता असं नाही, पण वाटत होतं की बोल्ट टेम्पोवाल्याने लंपास केले असतील, नाहीतर गवंड्याने विकले असतील. अध्यक्षाला विचारावं, एवढ्याचसाठी गेले.

त्याने मला सज्जात बसवलं. पाऊस उघडला होता. पलीकडच्या टेबलाशी पुण्याचं एक कुटुंब घावणे खात होतं. त्यातला नवरा मोबाइल उंच धरून म्हणाला, "काका, व्ह्यू काय भारी आहे तुमचा." विश्रामने नम्रपणे हात जोडले. मग माझ्याकडे वळून तोंड पाडलं.

"दाजी गेले, गावचो आधार गेलो. देवमाणूस."

त्याची बायको मंदावहिनी चहा घेऊन आली. कप, बिस्किटं ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून आत वळली. बाई चांगली आहे, आजही म्हणेन.

"विश्रामभाऊ," मी म्हटलं, "शेडीक बाबांचे बोल्ट लावूक नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरे लावलेत. बाबांचे खय गेले?"

तो बोलायला लागला. कंत्राटदार, मजूर, कोण कुणाचं ऐकतं, सार्वजनिक काम असंच असतं. मी ऐकत होते. माझा हात बाजूच्या कठड्यावर होता. कठड्याचे खांब खालच्या तुळयांना लांब बोल्टांनी शिवलेले होते आणि त्यातल्या एका माथ्यावर माझा अंगठा सहज फिरत होता. अंगठ्याला अक्षरं लागली. दुकानात आयुष्य गेलंय, ती अक्षरं मला बघावी लागत नाहीत. तरी मी वळून पाहिलं. ए. चार. पुढच्या खांबावर ए, चार. सगळे माथे पावसात धुऊन निघालेले, बशीसारखे लखलखीत. माझ्या बाबांनी निवडलेले बोल्ट बिलकुल गंजत नाहीत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण मी शंभरदा ऐकली असेल. खाणारा समोर बसून चहात बिस्किट बुडवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"हे तेच," मी म्हटलं.

विश्रामने पुण्याच्या कुटुंबाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल. उरलेला सामान होता ता."

"उरलेला नाय. सगळा हयच असा."

"अगो, जरा विचार कर. स्मशानात कोण बघूक येता? जो जाता तेका छप्पर गळता काय नाय, कळता तरी? हय माणसा येतत, गावाचा नाव होता." तो जरा पुढे वाकला, आणि मला समजवावं तशा सुरात म्हणाला, "आणि मी तसोच घेवक नाय हा. पेटीवरचा नाव पयला खरवडून काढून घेतलंय. भटजीक बोलावन सगळ्या बोल्टांर गोमूत्र शिंपडून घेतलंय. शुद्ध करून मगेच लावलंय. मी काय असो तसो माणूस नाय."

अंगणात उलटी केलेली बघून वाटते तशी किळस मला वाटली. चोरी करताना या माणसाला देवाची भीती वाटली नाही, बाबांची लाज वाटली नाही. त्याला भीती वाटली विटाळाची, आणि तो त्याने धुऊन घेतला. बाबांच्या कुलपाची किल्ली एवढीच निघाली, वाटीभर गोमूत्र.

मागे भांडं वाजलं. मंदावहिनी दारात उभी होती. हातातला तांब्या तिने खाली ठेवला होता की तो सुटला होता, सांगता येणार नाही.

"खयचे बोल्ट?" तिने विचारलं.

विश्राम उठला. "तू आत जा."

"खयचे ता सांगा."

मी सांगितलं. "स्मशानाचे, वहिनी. बाबांनी शेडीक दिलेले."

ती भिंतीला टेकली. वर तुळईकडे बघू लागली. तिथेही एक लांब बोल्ट होता, आणि त्यात एक कडी. "ह्या कडयेक," ती म्हणाली, "माझ्या नातीचो पाळणो टांगललो. बारशाक."

"शुद्ध करून घेतल्ले असत, मंदा," विश्राम म्हणाला.

पुण्याच्या बाईंनी नवऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. त्यांनाही स्मशान हा शब्द कळला होता. ताटातले घावणे तसेच सोडून ते उठले. मी चहाला हात लावला नव्हता. पदरातून फणसाखालचा तो फुगलेला बोल्ट काढला, माझ्या बशीत ठेवला आणि निघाले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आणि मग जे झालं त्याने माझी उरलीसुरली भूकही गेली. सगळा गाव विश्रामवर उलटला, खरं आहे. भांडी घासणारी बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही. दूधवाला दूध फाटकाशी ठेवून जाऊ लागला. पण दुकानात येणारा प्रत्येक जण काय म्हणत होता? "स्मशानाची वस्तू घरात घातल्यान गे, बघ." "पाळणो टांगल्यान, शिव शिव." बाबांच्या कपाळावर गंज ठिबकला याची कुणाला शिसारी आली नाही. टायर रचून ठेवून वर्षानुवर्षं "थेंब नाय" सांगितलं, याची तर नाहीच. गजासुद्धा दुकानात येऊन नाक मुरडून गेला. मी त्याला वजनकाट्याकडे बघत "बरा" म्हटलं.

विश्रामने सुतार बोलावला. सुतार म्हणाला, त्या बोल्टांना मी पाना लावणार नाही. दुसऱ्या गावातून एक आणला, त्याला फाटकाशीच कुणीतरी सांगितलं आणि तो तिथूनच परतला. मंदावहिनी माहेरी जाऊन बसली, बोल्ट निघाल्याशिवाय येणार नाही म्हणाली.

मग एका सकाळी विश्राम दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. अष्टगंध होतं, पण दाढी वाढली होती.

"नट लाकडाच्या आत दडलेत," तो म्हणाला. "साधो पानो पोचणा नाय. दाजींचो लांब पानो असा ना?"

बाबांचा पाना गावात प्रसिद्ध होता. होडीच्या कामापासून शाळेच्या बाकांपर्यंत सगळ्यांनी तो नेलेला. मूठ झिजून गुळगुळीत झालेली. बाबांनी तो कधी कुणाला नाकारला नव्हता. मी खिळ्यावरून काढला आणि काउंटरवर ठेवला.

"बोल्ट काढून खय ठेवतलास?" मी विचारलं.

"ठेवतलंय खय? शेडीक लावतलंय. घरात ठेवक देतत काय माका?"

आणि त्याने ते खरंच लावले. एकट्याने. मंडळातल्या एकानेही शिडी धरली नाही. सज्जाचे खांब मोकळे करून तो बोल्ट पिशवीतून घाटीने उतरवत होता आणि नवे पत्रे आणून शेडच्या वाश्यांवर कसत होता. वरून बघणाऱ्यांना वाटायचं, माणूस पश्चात्ताप करतोय. मी एक दिवस खाली जाऊन पाहिलं. मला कुणी अडवलं नाही. पत्रे वाजत नव्हते. प्रत्येक माथ्यावर ए, चार. बाबांना हवं होतं ते छप्पर अखेर तिथे होतं, फक्त ते बाबांच्या डोक्यावर नव्हतं. मी कातळावर बसून रडले, आणि वर आले.

त्यानंतर विश्राम पाना परत करायला आला. स्वच्छ पुसलेला होता. तेलपाणी केलेला दिसत होता. मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्याला वाटलं त्याला माझी अडचण समजली.

"घे गो," तो म्हणाला. "गोमूत्र शिंपडून हाडलंय. शुद्ध असा."

काउंटरच्या कडेला भंगाराची टोपली असते. वाकलेले खिळे, मोडक्या कड्या, भंगारवाला येऊन नेतो. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"तेच्यात टाका."

"दाजींचो पानो?"

"होय."

"अगो, सांगतंय ना, शुद्ध केलो असा. स्मशानाचा काय एक उरूक नाय तेका."

"स्मशानातसून इलो असतो, तर घेतलंय असतंय," मी म्हटलं. "पण तो तुमच्या हातातसून इलो."

मग पाना त्याने टोपलीत ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. पुढच्या फेरीला भंगारवाला आला, तेव्हा मी टोपली तशीच त्याच्या गोणीत उपडी केली.